सरदारांच्या पदव्या आणि भटक्यांची ओळखपत्रे

तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. जगाच्या इतिहासाच्या पेपरात चेकोस्लोव्हाकिया हा देश एकदाच येतो : १९३८ सालचा म्युनिक करार. हिटलरने मागितले, इंग्लंड-फ्रान्सने देऊन टाकले, आणि पाच गुणांची टीप संपली. त्या देशाने त्याआधीच्या वीस वर्षांत काय केले याची चौकशी पाठ्यपुस्तक करीत नाही, परीक्षकही करीत नाही.

गेल्या वर्षी ही टीप सांगत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, कायदा करून जमीनदाराची जमीन काढून घेतली आणि ती खरोखर वाटली, असं रशिया-चीन सोडून कुठं झालं का?" त्या मुलाचे आईवडील ऊसतोडीला जातात. माझे वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतावर सालगडी होते. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. सातबाऱ्यावर मात्र आमच्या घराचे नाव आजही नाही. तेव्हा प्रश्न जितका त्याचा तितकाच माझाही होता. त्या दिवशी मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. पुढे शोधू लागलो तेव्हा उत्तराचा एक भाग सापडला तो नेमका त्या पाच गुणांच्या देशात.

आपल्या वाचकांना हा देश अगदीच परका नाही. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरील आपल्या ग्रंथात तुर्कस्तान आणि चेकोस्लोव्हाकिया या दोन देशांची उदाहरणे तपासली आहेत. एका राज्यात बांधलेले समाजघटक एकमेकांपासून का फुटतात, हा तिथे त्यांचा प्रश्न होता. दुसऱ्याचा इतिहास आपल्या प्रश्नाच्या उजेडात वाचण्याची ही शिस्त त्यांचीच. त्याच शिस्तीने मी या देशाच्या एका मंत्र्याची कारकीर्द वाचली. त्याचे नाव अंतोनिन श्वेहला.

१

श्वेहला समजून घ्यायचा तर आधी त्याच्या देशातल्या जमिनीचा इतिहास समजून घ्यावा लागतो. ८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळ बिला होरा, म्हणजे पांढरी टेकडी, या ठिकाणी लढाई झाली. त्यात हाब्सबुर्ग सम्राटाने बंडखोर चेक सरदारांचा पराभव केला, त्यांच्या जहागिऱ्या जप्त केल्या आणि आपल्याशी निष्ठा राखणाऱ्यांना, त्यांतल्या कित्येक परदेशी सरदारांना, वाटून टाकल्या. मालक बदलले, कसणारे तेच राहिले. शेतकरी भूदास होता. धन्याच्या परवानगीवाचून त्याला गाव सोडता येत नव्हते, लग्न करता येत नव्हते, मुलाला दुसऱ्या धंद्यात घालता येत नव्हते. धन्याच्या शेतावर ठरलेले दिवस फुकट राबायचे. या वेठीला तिकडे 'रोबोता' म्हणत. आज जगभर यंत्रमानवाला 'रोबो' म्हणतात, तो शब्द या वेठबिगारीच्या शब्दावरूनच आला.

१७८१ साली सम्राट दुसरा योसेफ याने भूदासांना गाव सोडण्याची, लग्नाची, धंदा निवडण्याची मोकळीक दिली. वेठ मात्र उरली. ती १८४८ च्या क्रांतीत रद्द झाली. रद्द झाली तीही नुकसानभरपाई ठरवून, आणि त्या भरपाईचा एक हिस्सा शेतकऱ्यानेच भरायचा होता. ज्याने पिढ्यान् पिढ्या फुकट राबायचे त्यानेच न राबण्याची किंमत मोजायची, हा न्याय आपल्याला ओळखीचा वाटावा.

वेठ गेली तरी जहागिऱ्या राहिल्या. श्वार्त्झेनबेर्गसारख्या घराण्यांकडे अफाट जमीन आणि जंगल होते. त्यांच्या शेतांवर राबणाऱ्या गड्यांना राहायला खोली, ठरलेले धान्य, बटाटे आणि थोडे रोख पैसे मिळत. वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या या माणसाला आपल्याकडे वेगळे नाव शोधायला नको. तो आपला सालगडीच होय.

२

अंतोनिन श्वेहलाचा जन्म १५ एप्रिल १८७३ रोजी प्रागजवळच्या होस्तिवार्झ या गावी झाला. आज ते गाव प्राग शहराच्या पोटात आहे. घर शेतकऱ्याचे, पण खाऊनपिऊन सुखी. स्वतःची जमीन असलेले. ही गोष्ट आरंभीच नीट नोंदवून ठेवली पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या कारकिर्दीचा अर्थ तिच्यात आहे. तो विद्यापीठात गेला नाही. शेती केली आणि शेतकऱ्यांची संघटना केली. १९०९ साली तो कृषक पक्षाचा अध्यक्ष झाला आणि १९३३ साली मरेपर्यंत अध्यक्ष राहिला. सभा गाजवणारा वक्ता तो नव्हता. ग्रंथ लिहिले नाहीत, भाषणे मोजकी केली. दोन भांडणाऱ्यांना एका खोलीत बसवून, काहीतरी ठरल्याखेरीज उठू न देणे, ही त्याची विद्या.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ऑस्ट्रियाचे साम्राज्य कोसळू लागले. प्रागमध्ये चेक पक्षांची राष्ट्रीय समिती तयार झाली, तिच्या नेतृत्वात श्वेहला होता. २८ ऑक्टोबर १९१८ रोजी स्वातंत्र्य जाहीर झाले. त्या दिवशी प्रागमध्ये सत्ता हाती घेणाऱ्या पाच जणांपैकी तो एक. त्या सकाळचा एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. श्वेहला आणि समाजवादी नेते सोउकुप यांनी प्रथम गाठले ते युद्धकालीन धान्य-कचेरीचे कार्यालय. लोक उपाशी होते आणि धान्य सैन्याकडे जात होते. राजवाडा, कोषागार किंवा छावणी यांच्याआधी त्यांनी धान्याच्या किल्ल्या ताब्यात घेतल्या. राज्य म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक होते, असे मी वर्गात सांगतो.

नव्या राज्याचा तो पहिला गृहमंत्री झाला आणि १९२० पर्यंत त्या पदावर राहिला. शेतीखाते त्याच्याच पक्षाच्या कारेल प्राशेक यांच्याकडे. या पहिल्या महिन्यांतल्या कायद्यांच्या तारखा ओळीने वाचाव्यात. ९ नोव्हेंबर १९१८ : मोठ्या जहागिऱ्यांच्या विक्रीवर आणि गहाणावर बंदी. १० डिसेंबर : सरदारकीच्या सर्व पदव्या रद्द. १९ डिसेंबर : कामाचा दिवस आठ तासांचा. राज्य जन्मून बारा दिवस होतात न होतात तोच जमिनीची दारे बंद केली, म्हणजे कायदा येईपर्यंत जहागीरदाराला जमीन भावाच्या, मेव्हण्याच्या, गड्याच्या नावावर करायला सवड उरली नाही. आपल्याकडे कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ साली आला. तो येणार-येणार म्हणून जी सवड मिळाली तिच्यात काय काय झाले, हे गावातले शेंबडे पोरही सांगेल.

१६ एप्रिल १९१९ रोजी मुख्य कायदा झाला. १५० हेक्टरांहून अधिक शेतजमीन, किंवा सर्व प्रकारची मिळून २५० हेक्टरांहून अधिक जमीन ज्याच्याकडे असेल, त्याची इस्टेट सरकारच्या ताब्यात घेण्यास पात्र ठरली. एकरांत सांगायचे तर सुमारे ३७० आणि ६१५ एकर. या कायद्याखाली सुमारे ४० लाख हेक्टर जमीन आली. वाटपासाठी स्वतंत्र भूमी-कार्यालय उभे राहिले. भरपाई ठरली ती १९१३ ते १९१५ या काळातल्या सरासरी भावाने. युद्धानंतर पैशाचे मोल घसरलेले होते हे ध्यानात घेतले म्हणजे जहागीरदार का चिडले ते कळते. 'बिला होराचा अन्याय धुऊन काढला' अशी त्या वेळची भाषा होती. तीनशे वर्षांपूर्वीचा पराभव जमिनीच्या नोंदवहीत पुसला जात होता.

श्वेहलाच्या अध्यक्षतेखालील समितीत घटनेचा मसुदा तयार झाला. २९ फेब्रुवारी १९२० रोजी ती मंजूर झाली. तिचे १०६ वे कलम म्हणते की लिंग, जन्म आणि व्यवसाय यांवरून येणारे विशेषाधिकार मानले जाणार नाहीत. जन्म आणि व्यवसाय! हे शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ बसलो होतो. ज्या समाजव्यवस्थेत आपण जन्मलो तिचा सारा डोलारा याच दोन शब्दांवर उभा आहे.

३

इथवर वाचून श्वेहलाची मिरवणूक काढावी असे वाटेल. मलाही वाटले होते. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने वाटपाच्या याद्या पाहिल्यावाचून कायद्याला हार घालू नये.

याद्या काय सांगतात? ताब्यात घेण्यास पात्र ठरलेल्या ४० लाख हेक्टरांपैकी प्रत्यक्ष नवे धनी मिळाले ते सुमारे १८ लाखांना. उरलेली जमीन, त्यात बरेचसे जंगल, जुन्या मालकांकडेच राहिली. लहान तुकडे सहा लाखांहून अधिक लोकांना मिळाले. ही संख्या लहान नाही, आणि तिला हिणवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण तुकडा सरासरी सव्वा हेक्टराच्या आतबाहेर, म्हणजे जेमतेम तीन एकर, आणि तोही फुकट नव्हे, किंमत मोजून. ज्याच्याकडे आधीच थोडी जमीन, बैल आणि पत होती त्याने आपल्या जमिनीला जोड दिली. ज्याच्याकडे काही नव्हते त्याला कर्ज काढावे लागले.

याच वेळी इस्टेटींच्या मध्यवर्ती भागातून, वाडे-गोठे-कोठारांसह, दोन हजारांहून अधिक 'उर्वरित इस्टेटी' पाडल्या गेल्या. त्यांची सरासरी सुमारे १०० हेक्टर, म्हणजे अडीचशे एकरांच्या घरात. त्या कोणाला मिळाल्या? भूमी-कार्यालयावर कृषक पक्षाचा वरचष्मा होता आणि या इस्टेटी पक्षाच्या मर्जीतल्या लोकांकडे गेल्याचा बोभाटा देशभर झाला. एकीकडे तीन एकर, दुसरीकडे अडीचशे एकर. जुना सरदार गेला आणि त्याच्या कोठारात पक्षाचा पुढारी राहायला आला.

आणि सालगडी? इस्टेट मोडली तशी त्याची खोली आणि धान्यही मोडले. त्याच्यासाठी कायद्यात भरपाईची, दुसऱ्या कामाची, जमिनीच्या तुकड्याची तरतूद होती. परंतु पिढ्यान् पिढ्या ज्याने दुसऱ्याच्या अवजाराने दुसऱ्याचे शेत कसले, त्याला तीन एकरांचा कागद देऊन शेतकरी करता येत नाही. त्यांतल्या कित्येकांच्या वाट्याला बेकारी आली. जर्मन भाषिकांची तक्रार वेगळी होती : जमीन जर्मन सरदारांची गेली आणि लाभ मुख्यतः चेक-स्लोव्हाकांना झाला. 'अन्याय धुणे' ज्याच्या नावाने होते त्याच्या नावात कोण बसतो आणि कोण बसत नाही, हा प्रश्न तेव्हापासून त्या देशाच्या पाठीशी लागला.

४

श्वेहला ऑक्टोबर १९२२ मध्ये पंतप्रधान झाला. मधले काही महिने सोडता फेब्रुवारी १९२९ पर्यंत तो त्या पदावर होता. १९२५ च्या निवडणुकीत त्याचा पक्ष संसदेत सर्वांत मोठा ठरला. पण सर्वांत मोठा म्हणजे किती? ३०० पैकी सुमारे ४५ जागा. एवढ्या बळावर त्याने देश चालवला. पाच प्रमुख पक्षांच्या पाच नेत्यांची एक अनौपचारिक बैठक असे, तिला 'पाचांचे मंडळ' म्हणत. संसदेत मत पडण्यापूर्वी तडजोड तिथे झालेली असे. हे लोकशाहीला धरून नाही असा आक्षेप तेव्हाही होता आणि तो खरा आहे. पण शेजारी हंगेरी, पोलंड, इटली, जर्मनी एकामागून एक हुकूमशाहीकडे जात असताना हा देश निवडणुका घेत राहिला, हेही खरे आहे. १९२४ साली कामगारांसाठी वृद्धापकाळ आणि अपंगत्वाच्या विम्याचा कायदा झाला तो श्वेहलाच्याच सरकारच्या काळात.

त्याच्या पक्षाचे १९२२ नंतरचे नाव 'शेतकरी व अल्पभूधारक जनतेचा रिपब्लिकन पक्ष' असे होते. रिपब्लिकन हा शब्द वाचून आपल्या वाचकाच्या मनात जे येईल ते माझ्याही आले. ४५ जागांचा पक्ष एकसंध राहिला म्हणून त्याने जहागिऱ्या मोडल्या. आपल्याकडे १९५७ साली रिपब्लिकन पक्ष जन्मला; त्याचे किती तुकडे झाले याची मोजदाद आता कोणी करीत नाही. संघटना टिकवणे ही कला श्वेहलाकडून शिकण्यासारखी आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

मात्र संघटना टिकली ती कोणाच्या हितासाठी, हेही विचारले पाहिजे. १९२६ साली आयात धान्यावर जकात बसवण्याचा प्रश्न आला. शेतमालाला भाव मिळणार होता, कामगाराची भाकरी महागणार होती. समाजवादी दूर झाले. ऑक्टोबर १९२६ मध्ये श्वेहलाने चेक आणि जर्मन शेतकरी पक्ष, कॅथलिक पक्ष आणि धनिकांचे प्रतिनिधी यांना घेऊन नवे सरकार बनवले. जर्मन मंत्री प्रथमच मंत्रिमंडळात आले, ही त्यातली चांगली बाजू. पण त्या सरकारला लोकांनी नाव ठेवले : 'धन्यांची युती'. आठ वर्षांपूर्वी धन्यांच्या पदव्या पुसणारा माणूस धन्यांच्या युतीचा पंतप्रधान म्हणून ओळखला जाऊ लागला.

५

१४ जुलै १९२७. इतिहासाच्या शिक्षकाला ही तारीख बास्तीलच्या तुरुंगाची आठवण देते. याच तारखेला, श्वेहला पंतप्रधान असताना, प्रागच्या संसदेने 'भटक्या जिप्सींविषयी' ११७ क्रमांकाचा कायदा केला. एका गावाहून दुसऱ्या गावी फिरणारे जिप्सी, आणि 'जिप्सींच्या पद्धतीने' राहणारे इतर भटके, वर्षातला काही काळ घर करून राहत असले तरी, या कायद्याखाली आले. चौदा वर्षांवरील प्रत्येकाने बोटांचे ठसे द्यायचे आणि वेगळे 'जिप्सी ओळखपत्र' जवळ बाळगायचे. कुटुंबाला फिरायचे तर परवाना हवा. मुक्काम करायचा तर गावचा प्रमुख दाखवील त्या जागी, तो सांगेल तितकेच दिवस. काही प्रदेशांत त्यांना प्रवेशच बंद करता येई. आईवडील नीट सांभाळत नाहीत असे ठरवून अठरा वर्षांखालील मुले काढून घेता येत.

वाचकहो, हा कायदा आपण वाचलेला आहे. फक्त त्याचे साल आपल्याकडे १८७१ आहे. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने याच रीतीने जन्मावरून माणूस गुन्हेगार ठरवला, हजेरी लावली, पास दिले, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी केली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. तारेच्या आत जन्मलेल्यांच्या नातवंडांकडे पोलीस आजही कोणत्या नजरेने पाहतात ते सांगायला नको. आणखी एक धागा आहे. ज्यांना युरोप जिप्सी म्हणतो ते स्वतःला रोमा म्हणतात, आणि त्यांची भाषा भारतीय भाषांच्या कुळातली आहे हे अभ्यासकांनी केव्हाच सिद्ध केले आहे. त्यांच्या भाषेत पाण्याला पानी, नाकाला नाख, कानाला कान म्हणतात. माणसाला मनुष म्हणतात.

हा कायदा श्वेहलाने स्वतः लिहिला असे मी म्हणत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि पुढे त्याचे आजारपण वाढत गेले. १२ डिसेंबर १९३३ रोजी तो वारला. पुढे जे घडले ते पाहायला तो नव्हता, आणि ते नाझींचे पाप होते. पण १९२७ च्या कायद्याने पोलीस ठाण्यांत ठशांचे आणि नावांचे जे दप्तर तयार झाले ते मेले नाही. नाझी अमलात १९४२ च्या ऑगस्टमध्ये रोमांची शिरगणती झाली तेव्हा कोण कुठे आहे हे शोधायला नवे कष्ट पडले नाहीत. दक्षिण बोहेमियातील लेती येथे छावणी होती. तिच्यावर पहारा चेक पोलिसांचा होता. १३०० हून अधिक माणसे तिथे डांबली, ३०० हून अधिक तिथेच मेली, त्यांत बहुसंख्य मुले. पाचशेहून अधिक आऊश्विट्झला धाडली. चेक प्रदेशातल्या सुमारे साडेसहा हजार रोमांपैकी छळछावण्यांतून सहाशेसुद्धा परतले नाहीत. पुढे १९७० च्या दशकात लेतीच्या त्या जागी डुकरांचा मोठा गोठा बांधला गेला. तो सरकारने २०१७ साली विकत घेतला, मग पाडला, आणि २०२४ साली तिथे स्मारक खुले झाले. ऐंशी वर्षे लागली.

६

मग श्वेहलाचे मूल्यमापन कसे करायचे? तो ढोंगी होता असे म्हणून सुटता येईल, पण ते खरे नाही. तो आपल्या वर्गाशी प्रामाणिक होता. त्याला वरचा धनी दिसत होता, कारण त्याच्या आजोबा-पणजोबांनी त्याच्यापुढे मान लववली होती. खालचा माणूस त्याला दिसला तो कधी मजूर म्हणून, कधी मतदार म्हणून, आणि भटका तर पोलिसांचा प्रश्न म्हणून. घटनेच्या १०६ व्या कलमाने जन्माने मिळणारा मान रद्द केला. जन्माने लागणारा डाग रद्द करणे त्या घटनाकारांना सुचले नाही. सात वर्षांनी तो डाग त्यांनी ठशांच्या शाईने पक्का केला.

ज्या १९१८ साली प्रागमध्ये जहागिऱ्यांना टाळे लागले, त्याच साली बाबासाहेबांचा भारतातील लहान शेतांच्या प्रश्नावरील निबंध प्रसिद्ध झाला. तुकडा लहान की मोठा हा खरा प्रश्न नसून जमिनीवर नाइलाजाने लोंबकळणाऱ्या माणसांना दुसरे काम नाही हा आहे, असे त्यांनी तेव्हाच मांडले. १९४७ साली घटना समितीसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात ते आणखी पुढे गेले. कुळकायद्याने आणि तुकडेजोडीने कोट्यवधी भूमिहीन अस्पृश्यांना काहीही मिळणार नाही. शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, आणि जमीन जातपात न पाहता गावच्या कुटुंबांना सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी, असे त्यांनी सुचवले. 'कसेल त्याची जमीन' या घोषणेतला 'कसणारा' कोण, हा त्यांचा प्रश्न होता. श्वेहलाची कारकीर्द वाचल्यावर तो प्रश्न मला नव्याने कळला.

त्या मुलाला मी पुढच्या आठवड्यात उत्तर दिले. झाले होते, असे सांगितले. कसे झाले, कोणी केले, बारा दिवसांत टाळे कसे लावले, सारे सांगितले. वर्ग मन लावून ऐकत होता. मग वाटपाच्या याद्या सांगितल्या आणि १९२७ चा कायदा सांगितला. तो बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, "म्हणजे सर, यादी करणारा कोण आहे ते आधी बघायचं."

त्याला म्हटले, होय, आणि त्या यादीत आपले नाव आले तरी आपल्या खाली कोणाचे राहिले आहे, तेही बघायचे.